कधीच न भरणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी संडासाची टाकी आहे. नाक दाबू नका, आधी ऐकून घ्या. निघोज्यात बिरूच्या चाळीमागे, विहिरीपासून वीस पावलांवर मी जमिनीत बसले आहे. कोणी माझ्या झाकणाला हात लावला, की मला लगेच संशय यायचा. हा आता माझा तळ बघणार!

कारण मला तळच नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी बिरूनं शेतात कामगारांसाठी खोल्या काढल्या, तेव्हा त्यानं गवंड्याला बजावलं, "खाली सिमेंट घालू नको. पाणी मुरंल, टाकी भरायची न्हाई." आणि मी खरंच कधी भरले नाही. पाहुणे आले की बिरू माझ्या स्लॅबवर पाय आपटून सांगायचा, "एकदाबी उपसली न्हाई, राव!" त्याची आई सरुबाई त्याच स्लॅबवर कुरडया वाळत घालायची. माझ्या पोटातलं कुठं जातं, ते मला कळत होतं. पण कौतुक कोणाला नको असतं? मी गप्प राहिले.

या उन्हाळ्यात बिरूच्या मुलीला, संस्कृतीला, कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासा. पाणी राहिलं बाजूला, माणसं एकमेकांनाच तपासू लागली. पहिल्या खोलीतला अजीज दारातच मोटारसायकली दुरुस्त करायचा. सरुबाईचा संशय त्याच्यावर गेला.

"ह्याचंच ऑइल उतरतंय इहिरीत," ती म्हणाली आणि विहिरीचा दोर, पोहरा घरात नेऊन ठेवला. तेव्हापासून अजीजची बायको रोशनबी पार गावातल्या नळावरून हंडे आणू लागली.

"बिरूभाऊ, ऑइल मी डब्यात साठवतो. एक थेंब जमिनीवर दाखवा," अजीज म्हणाला. त्याला शेतामागच्या कंपनीच्या सांडपाण्याचा संशय होता.

बिरूनं काही बघितलं नाही. "महिनाअखेर खोली खाली कर," एवढंच म्हणाला. रोशनबी पोत्यात भांडी भरू लागली. तो खणखणाट मला ऐकू येत होता आणि माझी मलाच लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीनं नियम केला, की घरोघरच्या टाक्या तपासायच्या आणि दर तीन वर्षांनी उपसायच्या. वही घेऊन स्नेहल नावाची मुलगी आली. मला तर ती बघताक्षणी संशयास्पद वाटली.

"काका, ही टाकी शेवटची कधी उपसली?"

"एकदाबी न्हाई!" बिरूनं छाती पुढं काढली.

स्नेहलचं पेन थांबलं. "मग वीस माणसांचं जातंय कुठं?"

तिनं संडासात हिरवा रंग ओतला, वर चार बादल्या पाणी टाकलं आणि विहिरीवर लक्ष ठेवायला सांगून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरुबाईनं पोहरा वर ओढला. पाणी हिरवं होतं. बिरू माझ्या स्लॅबवर येऊन बसला. "पोरीला मीच पाजलं," तो म्हणाला. सरुबाईनं दोर उचलला आणि रोशनबीच्या दारात नेला.

"घे बाई. चुकलं माझं."

"दोर राहू द्या, आजी. ते पाणी आता कुणीच पिऊ नका." रोशनबीनं आपला हंडा पुढं केला. "हे नळाचं हाय. उकळून संस्कृतीला द्या."

संस्कृती बरी झाली. अजीजची खोली राहिली. विहीर उपसली, माझ्या पोटात काँक्रीटचा तळ पडला. आता मी भरते. उपसायची गाडी आली की बिरू कुरकुरतो, पण बोलावतो.

मित्रांनो, तुमच्या घरची टाकी कधीच भरत नसेल, तर तिचं कौतुक करू नका. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी तिचं झाकण उघडा. ती आपणहून सांगणार नाही. रोशनबीची भांडी पोत्यात गेली, तरी मी सांगितलं नव्हतं.