गल्लीतलं एक मत

अठ्ठ्याऐंशी साली जगन्नाथराव दामले कॅलिफोर्नियाच्या विधानसभेला तिसऱ्याच एका पक्षाकडून उभे राहिले, तेव्हा सांता क्लारातल्या मराठी घरांनी त्यांना तोंड भरून पाठिंबा दिला. ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याला तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाची असते? "काका, माझं व्होट तुम्हालाच," असं जो तो म्हणाला, आणि भिडेखातर दिलेला शब्द जगन्नाथरावांनी मत समजून खिशात टाकला.

त्यांचं भाषण एकच होतं. "हे दोन पक्ष एकमेकांची भीती घालून जगतात. भिऊन दिलेलं मत तेवढं वाया जातं." त्यांच्या बायकोला, मालिनीबाईंना, पोळ्या लाटता लाटता ते पाठ झालं होतं.

बाईंनी नुसतं ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं जपलेला भारताचा पासपोर्ट त्यांनी त्या उन्हाळ्यात सोडला, तो या एका मतासाठी. अमेरिकेची शपथ घेऊन घरी आल्या आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडल्या. साताऱ्याला आजारी आईकडे जायलाही आता व्हिसा लागणार होता. "अगं, कागद तो कागद," जगन्नाथराव म्हणाले. मतदानाच्या दिवशी बाईंनी समोरच्या घराच्या गॅरेजमधल्या मतदान केंद्रावर जाऊन मतपत्रिकेत नवऱ्याच्या नावापुढे भोक पाडलं आणि ते नीट पडलंय ना, हे पुन्हा निरखून पाहिलं.

जगन्नाथराव सपाटून हरले, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. त्या शनिवारी दिवाळीच्या फराळाला सगळे त्यांच्याच घरी जमले. प्रताप डेमोक्रॅट्सचा कार्यकर्ता. चकली मोडत तो म्हणाला, "काका, मी काउंटी ऑफिसला फोन करून आपल्या गल्ल्यांचा आकडा काढला. सॉरी, पण इथे तुम्हाला फक्त एक व्होट आहे."

शब्द दिलेली सगळी मंडळी एकदम गालिचा निरखायला लागली.

"एक ना? ते माझंच," जगन्नाथराव म्हणाले.

माना मालिनीबाईंकडे वळल्या. अपराध लादायला एक माणूस सापडलं, तशी दिवाणखान्याला केवढी हुशारी आली.

"काकू, तुम्ही पण?" विनीता म्हणाली.

"पार्टी घरातच स्प्लिट झाली," श्रीराम म्हणाला, आणि हशा पिकला.

मालिनीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. जगन्नाथराव मागोमाग आले.

"कुणाला दिलंत?" बाईंनी विचारलं.

जगन्नाथराव सिंककडे बघत म्हणाले, "डेमोक्रॅटला. अटीतटीची होती गं. तो दुसरा निवडून आला असता तर? मला देऊन वाया गेलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर बोलू नकोस हं. अब्रू जाईल माझी."

बाईंची आत्ताच गेली होती, ते त्यांच्या गावीही नव्हतं. हातातला चिवड्याचा डबा नवऱ्याच्या डोक्यात घालावा, इतका बाईंना संताप आला. डबा घेऊन त्या बाहेर आल्या.

विनीताचं अजून संपलं नव्हतं. "काकू, खरंच नाही दिलंत काकांना?"

"नाही दिलं," मालिनीबाई वाट्या भरत म्हणाल्या. "भीती वाटली. वाया गेलं असतं."

सगळे हसून हसून लोळले. दारात उभे असलेले जगन्नाथरावही हसायला लागले, आणि बाकीचे थांबले तरी त्यांना थांबता येईना.