अठराव्या प्रश्नाची कॉफी

पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरात घरोघरी जाऊन लोकांची मतं टिपणाऱ्या सौसनचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. सातव्या घरात उम्म जौदत या म्हातारीने सतरा उत्तरं फटाफट दिली. सरकार कसं वाटतं? "कुठलं? दिसलं तर मलाही दाखव!" निवडणूक? "शेवटचं मत दिलं तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते." पण 'पाच वर्षांत शांतता येईल का?' या अठराव्या प्रश्नावर तिने उत्तराऐवजी सौसनच्या हातात कॉफीचा पेला दिला.

सौसनने तो तसाच खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुण्याने कॉफीला तोंड लावायचं नाही, ही तिथली रीत. आधीच प्यायली, तर मागणं सोडलं.

"खाला, उत्तर दिल्याशिवाय पिणार नाही."

"अगं, माझ्या मुलीला मागणी घालायला आलीस की काय?" म्हातारी हसली. "बरं, देते. पण आधी तुझं उत्तर सांग."

या कामाच्या अकरा वर्षांत सौसनला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

सौसनने पेला उचलला आणि गार झालेली कॉफी एका घोटात संपवली.