तांबड्या पोंचोतलं माणूस

माझ्या बायकोला बसता येतं. हे मी कौतुकाने सांगतोय, कारण आमच्याकडच्या वाऱ्यात मेंढीसुद्धा एका जागी टिकत नाही. नेलिदा मात्र दगडाला पाठ लावून सकाळपासून उन्हं डोंगराआड जाईपर्यंत बसते. भुवयांवर बर्फ धरतं, नाक जांभळं पडतं, समोर तिवईवर ते लांब नळकांड्याचं कॅमेऱ्याचं धूड, आणि बाई गप्प. घरी मात्र तिच्या तोंडाला उसंत नसते.

इकडे पातागोनियात प्यूमाला सगळे सिंहच म्हणतात. नेलिदाची एक सिंहीण होती. डावा कान अर्धा फाटलेला, म्हणून कानतुटी. मी तिला माझी सवत म्हणायचो. लग्नाच्या बायकोने अख्खे दिवस परकीसाठी बर्फात काढायचे आणि नवऱ्याने गरम पाण्याचा थर्मास घेऊन घोड्यावरून मागे जायचं, याला दुसरं काय म्हणणार?

"जळतोस तू तिच्यावर," नेलिदा म्हणायची.

"जळतोच. माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलंस?"

"तू एवढा देखणा आहेस का?"

पहिल्या हिवाळ्यात कानतुटीने तिला फक्त पायाचे ठसे दाखवले. दुसरा कुणी असता तर तिवई मोडून चुलीत घातली असती. नेलिदाने काय केलं, तर एक जागा ठरवली. ओढ्याच्या वरचा तो चपटा दगड. रोज तीच जागा, रोज अंगावर तिच्या आईने विणलेला तोच तांबडा पोंचो, म्हणजे गळ्याला भोक असलेली लोकरीची घोंगडी, तीच डोक्यावरून ओढून घ्यायची. सिंहीण दिसत असेल तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. लघवीला लागली तरी नाही. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत कानतुटीने तो तांबडा ढिगारा डोंगराचाच भाग मानला होता. ती समोर येऊन अंग चाटत बसायची, पाठ करून झोपायची. तिचं पिल्लूही तसंच शिकलं. आई ज्याच्याकडे बघतसुद्धा नाही, त्याला पिल्लाने कशाला घाबरायचं?

एकदा मीही सोबत बसलो होतो. ओढ्यापलीकडे ग्वानाकोंचा कळप चरत होता. उंटाच्या जातीचं हे जनावर, पण लाथ घोड्याची. कानतुटी गवतातून पोटावर सरकत गेली आणि एका मोठ्या नराच्या अंगावर उडाली. दात गळ्यात रुतले, नखं खांद्यात. नर खिंकाळत उतारावरून सुटला, तिला दगडांवर आपटत, फरफटत. तिच्या बरगड्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला. मध्येच शहाणं पिल्लू पायात आलं आणि नराच्या लाथेने पार खाली जाऊन पडलं. मी ओरडणार, तेवढ्यात नेलिदाने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर काळंनिळं होतं. तिचा दुसरा हात कॅमेऱ्यावर होता आणि गालावरून पाणी वाहत होतं. शेवटी नर गुडघ्यांवर आला. कानतुटीने जबडा सोडला नाही. त्याचे पाय झाडायचे थांबले तरी सोडला नाही. मग ती उठली, लंगडत पिल्लाकडे गेली, त्याला चाटून उभं केलं आणि रक्ताने माखलेलं तोंड घेऊन आमच्यापासून चार हातांवरून निघून गेली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बघितलंस?" नेलिदा नंतर म्हणाली. "ती मला काहीच समजत नाही. याच्यासाठी बसले मी इतके दिवस."

आता बेलार्मिनोचं सांगतो. त्याने माझ्या लेकीला, येसेनियाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, तिचा धर्मपिता झाला, त्या दिवसापासून तो माझा कोंपाद्रे आणि नेलिदा त्याची कोमाद्रे. आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा हे नातं मोठं. लहानपणी आम्ही दोघं एकमेकांवर थुंकत वाढलो, पण कोंपाद्रे झालो आणि 'तू' संपलं. एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचं, दार बंद करायचं नाही, हात उगारायचा नाही. तो कुत्रे घेऊन सिंह मारायचा, त्याच्या बापासारखाच. कायद्याने आता बंदी आहे. पण कायदा राजधानीत राहतो आणि मेंढ्या इथे.

त्या दुपारी तो आला तो गारांच्या पावसात ओलाचिंब होऊन. बसला आणि माटेचा, आमच्या कडू चहाचा, घोट नळीने ओढला.

"काय झालं, कोंपाद्रे?" मी विचारलं.

"सिंहीण कुंपणात शिरली. मेंढी खाल्ली एकच, बाकीच्या नुसत्या फाडल्या. पिल्लाला शिकवत असणार. गाभण होत्या हो माझ्या. एक तर आतडी मागे ओढत दारापर्यंत चालत आली. मीच सुरी फिरवली तिच्यावर. आणि माझी दोन कुत्री. धाकटीचं पोट असं उसवलं होतं की मला उचलता येईना."

नेलिदाने त्याच्यापुढे गरम भाकरी सरकवली. "वाईट झालं, कोंपाद्रे. पण ती कानतुटीच कशावरून?"

"कोंपाद्रेंची सवतच ती, यांना विचारा," तो माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला आणि थोडं हसला. "कोमाद्रे, मी जन्मभर सिंहांमागे फिरलोय. माझा वास आला की डोंगर ओलांडून पळतात. तुमच्यापुढे ती मांजरीसारखी लोळते. फोटो बघितलेत मी. मला कळत नाही, तुम्ही करता काय? मंतर घालता?"

सिंह मारणाऱ्याच्या तोंडून असं कौतुक ऐकल्यावर माझी बायको फुलली. कुणीही फुललं असतं. तिने सगळं सांगितलं. कुठला दगड, वारा कुठून पाहिजे, सकाळी किती लवकर जायचं, मान कशी खाली ठेवायची. पोंचोसुद्धा बदलायचा नाही हे सांगितलं. बेलार्मिनो माटे ओढत मान हलवत होता.

"म्हणजे नुसतं बसायचं," तो म्हणाला.

"नुसतं कसलं, कोंपाद्रे! बसून बघा एकदा."

पाहुणा ओला आला तर जाताना दाराजवळच्या खुंटीवरचं कोरडं काहीही अंगावर घेतो. विचारत नाही, आणि विचारलं तर घरच्यांचा अपमान होतो. नेलिदा मागे शेळीला चारा घालत होती. कोंपाद्रेने खुंटीवरून तांबडा पोंचो उचलला. गळ्यापाशी दुमडला होता तो मी माझ्या हाताने सरळ केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नेलिदा खुंटीपाशी उभी. "माझा पोंचो?"

"कोंपाद्रेने नेला. भिजला होता ना."

तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. कॅमेरा तिथेच टाकून ती घोड्याकडे धावली, तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला.

आम्ही डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा खाली सगळं दिसत होतं. दगडाला पाठ लावून तांबडं माणूस बसलेलं, मान खाली. कानतुटी त्याच्यासमोर पोहोचलीसुद्धा होती. पिल्लू मागे बर्फात उड्या मारत होतं. ती बसली, पंजा चाटला आणि त्याच्याकडे पाठ केली.

नेलिदा जिवाच्या आकांताने ओरडली. वारा समोरून होता. तो आवाज आमच्याच तोंडावर परत आला.

पोंचोखालून बंदुकीचा धूर निघाला. कानतुटीचा मागचा अर्धा भाग खाली बसला आणि पुढचा अर्धा पळायला लागला. ती पुढच्या पंजांवर स्वतःला ओढत वळली. पळायचं सोडून वळली, पिल्लाच्या दिशेने. बेलार्मिनोने शीळ घातली आणि खडकामागे दबवून बसवलेली त्याची उरलेली कुत्री सुटली. दोघांनी मागचे पाय धरले, एकाने शेपूट. तिने एकाचा जबडा पंजाने फोडला, तो कुत्रा तोंडातून फेस आणि दात ओकत गोल फिरायला लागला. बाकीचे तिला ताणत होते. बंदूक अडकली म्हणून की काय, बेलार्मिनोने ती नळीकडून उलटी धरली आणि तिच्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. मी घोड्यावरून उडी टाकून पोचलो तेव्हाही तो घालतच होता आणि खाली डोकं असं काही उरलं नव्हतं.

कोंपाद्रेवर हात उगारायचा नाही, हे मला माहीत होतं. मी मुठीने त्याचं नाक फोडलं. तो माझ्या अंगावर आला, आम्ही दोघं त्या लाल चिखलात लोळलो. त्याने माझ्या कानाचा चावा घेतला, मी त्याचं डोकं दगडावर आपटलं.

"हरामखोर आहात तुम्ही, कोंपाद्रे!" मी ओरडत होतो. "माझ्या घरचा पोंचो घालून!"

"तुम्ही बाजूला व्हा, कोंपाद्रे, नाहीतर मुडदा पाडीन तुमचा!"

एकमेकांचा जीव घेत होतो, पण 'तुम्ही' काही सुटत नव्हतं. आज आठवलं की हसू येतं आणि तोंडात रक्ताची चवही येते.

नेलिदा येऊन उभी राहिली तेव्हा आम्ही थांबलो. तिच्या हातात त्याची बंदूक होती. बेलार्मिनो गुडघ्यांवर बसला, रक्त थुंकला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "मारा. पण मी वेगळं काय केलं, कोमाद्रे? तुम्ही बसता तसाच बसलो. बाप माझा हिला धरू शकला नसता, मीही नाही. हिला माणसापुढे पाठ करायला तुम्ही शिकवलंत."

मला वाटलं, ही आता चाप ओढणार. खरं सांगतो, ओढला असता तर मी साक्ष दिली नसती. तिने बंदूक ओढ्यात फेकली. मग त्याच्या अंगातून पोंचो ओढून काढला. त्याचे हात अडकले तर तशीच हिसडत राहिली, खांद्यातून काहीतरी कडकडलं तरी थांबली नाही.

"आजपासून मला कोमाद्रे म्हणायचं नाहीस तू," ती म्हणाली. तो 'तू' ऐकून बेलार्मिनोने पहिल्यांदा मान खाली घातली.

पिल्लू पळून गेलं होतं. वर्षाचं झालं होतं, ससे धरू लागलं होतं, जगलं असतं. पण ते परत येऊ लागलं. रोज त्या दगडापाशी. आईच्या रक्ताचे डाग हुंगायचं आणि तांबड्या माणसाची वाट बघितल्यासारखं बसायचं. बेलार्मिनोच्या मेंढ्या अजून होत्या, खांदा बरा झाला असता, आणि तांबडी लोकर कुठल्याही दुकानात मिळते.

एका सकाळी नेलिदाने पोंचो घातला. त्यावरचे डाग तिने धुतले नव्हते. कॅमेरा घेतला नाही, तिवईचा एक पाय मात्र काढून घेतला. मला म्हणाली, "तुझी जुनी बंदूक घे. हवेत झाड. मी सांगेन तेव्हा."

ती दगडाला पाठ लावून बसली. पिल्लू आलं. त्याची आई कधी आली नव्हती इतकं जवळ आलं, तिच्या बुटापाशी आडवं झालं आणि त्याने डोळे मिटले. थकलं होतं बिचारं, बरगड्या मोजता येत होत्या. नेलिदाचा हात पोंचोतून बाहेर आला. मला वाटलं ती त्याला कुरवाळणार. तिलाही तसंच वाटत असावं, कारण हात बराच वेळ तसाच राहिला.

मग तिने दगड उचलून त्याच्या तोंडावर मारला.

पिल्लू किंचाळत उडालं, थोडं लांब गेलं आणि वळून बघत उभं राहिलं. त्याला काही कळेना. नाकातून रक्त येत होतं. आणि ते परत यायला लागलं. नेलिदा उठून उभी राहिली. त्याने तिला उभं कधी बघितलंच नव्हतं. ती तिवईचा पाय घेऊन धावली आणि त्याच्या पाठीत घातला.

"पळ, भवाने! माणूस आहे मी! दात कसले दाखवतेस, पळ! झाड रे, बघतोस काय, झाड!"

मी बंदूक झाडली. पिल्लू ओढ्यापलीकडे गेलं आणि तिथे पुन्हा थांबलं. नेलिदा दगड वेचत होती, बोटं सोलवटली होती आणि ती हुंदके देत नेम धरत होती. बर्फात कोसळली तरी हातातला दगड तिने सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लू आलं. तिने मारलं. तिसऱ्या दिवशी आलं, जरा लांब बसलं. तिने मारलं. एक दगड मागच्या पायाला लागला आणि ते लंगडत गेलं, त्या संध्याकाळी नेलिदाने जेवणाचं ताट भिरकावून दिलं. मी म्हटलं, "पुरे आता. शिकलं ते."

"बसलंय ना अजून? बसतंय तोवर शिकलं नाही."

सगळा हिवाळा ती हेच करत राहिली. जितक्या चिकाटीने त्याच्या आईजवळ पोचली होती, तितक्याच चिकाटीने याला लांब घालवत होती. शेजारचे म्हणायचे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. बेलार्मिनो एकदा लांबून बघून गेला.

बर्फ वितळायला लागलं त्या सुमाराला आम्ही धारेवर चढलो. पिल्लू खाली ओढ्यावर पाणी पीत होतं, चांगलं भरलेलं, कुठेतरी शिकार साधलेलं. त्याने मान वर केली. एवढ्या लांबून तांबडा पोंचो दिसला असेल नसेल, तोच ते असं पळालं की दगडांवर दोनदा घसरलं, पडलं, उठलं आणि पलीकडच्या डोंगरात नाहीसं झालं.

नेलिदाच्या हातात तयार ठेवलेला दगड होता. तो तिने हळूच खाली ठेवला. मला वाटलं, तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं.

"तुला ओळखलं नसेल गं त्याने," मी म्हटलं.

"ओळखलं," ती म्हणाली. "मला ओळखलं, म्हणूनच पळालं."