जिन्याखालची चांदी

मी एक जुनी चांदीची वीट आहे. म्हणायला वीट, पण माझी भिंत कुणी बांधत नाही. मित्रांनो, जन्माच्या वेळचं मला फारसं आठवत नाही. भट्टीत पाण्यासारखी वाहत होते, साच्यात पडले, गार झाले आणि मला झोप लागली. आम्हा धातूंची झोप फार गाढ असते. कुणी उठवलं नाही तर शंभर वर्षंही आम्ही पडून राहतो. जरा काळवंडतो, इतकंच.

जिन्याखालच्या एका शिलाईच्या दुकानात मी आले, तेव्हा आठ बोटं लांब होते. टेलरमास्तर कापड बेतायचे, त्यांची बायको काजं करायची. तिथे खिडकी नव्हती. दिवसभर दिवा जळायचा आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काजं करताना बाईंच्या डोळ्यांना धार लागायची. वरच्या मजल्यावर मोठ्या खिडकीची खोली होती. घरमालक ती कधीतरी विकणार होते. त्या खोलीसाठीच दोघांनी पोटाला चिमटा काढून मला घेतलं. बाईंनी मला अस्तरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. मशीनची घरघर ऐकत मी स्वप्नं पाहायचे. त्यांत बाई नेहमी उजेडात बसलेल्या असत.

मास्तर लोण्याहून मऊ माणूस, पण धीर काही त्यांच्या मापात बसत नव्हता. एकदा चांदीचा भाव घसरू लागला आणि त्यांचं धाबं दणाणलं. "अगं, आणखी पडला तर हाती धुपाटणं येईल!" असं म्हणत त्यांनी मला सराफाला विकून टाकलं. महिन्याभरात भाव पुन्हा चढला. मास्तर तेच पैसे घेऊन धावत आले. सराफाने माझ्यावर छिन्नी ठेवली.

"मास्तर, तेवढ्या पैशांत आता एवढीच येईल."

मी साडेसहा बोटांची होऊन घरी गेले.

पुढे भाव खूप वर गेला. मास्तरांना वाटलं, आता विकावी आणि खाली आला की परत घ्यावी.

"अहो, राहू द्या ना तिला," बाई म्हणाल्या.

"तुला त्यातलं काय कळतं?"

भाव खाली येईना. मास्तर सारखे फोनमध्ये डोकं घालून बसत. त्या नादात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. अखेर कंटाळून त्यांनी मला आणखी चढलेल्या भावाने परत घेतलं. या वेळी मी पाचच बोटं उरले होते. बाईंनी मला हातात धरून पाहिलं आणि अस्तराची आणखी एक घडी घातली.

मग एक दिवस घरमालकांनी खोली विकायला काढली. मास्तर मला घेऊन सराफाकडे गेले, बाईही गेल्या. सराफाने वजन केलं आणि मान हलवली. "आठ बोटं असती, तर आजच्या पडलेल्या भावातही खोली आली असती." मला मास्तरांची दया आली आणि रागही आला.

बाई म्हणाल्या, "हिच्या पैशांत भिंत फोडून छोटी खिडकी तरी होईल ना?"

"भाव पडलाय गं. चार दिवस थांबू या."

"भाव चढेल हो. माझे डोळे थांबतील का?"

मास्तरांनी मला स्वतःच्या हाताने तराजूत ठेवलं.

आता मी सराफाच्या कपाटात आहे. उद्या भट्टीत जाईन. परवाच सराफ मास्तरांकडून आपला कोट घेऊन आला आणि कारागिराला सांगू लागला, "जिन्याखाली वहीएवढी खिडकी झालीय. बाई तिथेच बसतात. काजं आता दिसत नाहीत त्यांना, पण ऊन अंगावर आलेलं कळतं म्हणाल्या."

मित्रांनो, माझा भाव माझ्या हाती नाही, आणि तुमच्याही नाही. त्याच्या मागे धावून मला पुन्हा पुन्हा उठवू नका. गरज दारात आली की मात्र खुशाल उठवा. मी त्यासाठीच झोपलेली असते. माझी ती तीन बोटं शाबूत असती, तर बाईंना वरची अख्खी खिडकी मिळाली असती.