शाळेसमोरचा 'थांबा'

मी एक जुना, कडेला चेपलेला, लाकडी दांड्याचा फलक आहे. माझ्या अंगावर एकच शब्द आहे: 'थांबा'. मित्रांनो, हा शब्द मी आजवर कुणाच्या बापासाठी मागे घेतलेला नाही.

मला एका सुताराने घडवले. त्याची मुलगी शाळेसमोर गाडीखाली येता येता वाचली होती. "नशीब काही रोज राखणीला बसत नाही," असे म्हणत त्याने पत्रा गोल कापला, लाल रंगवला आणि मला शाळेच्या शिपाईबाईंच्या हाती दिले. मुले त्यांना मावशी म्हणत.

"आधी कडेला थांबायचं," मावशी शिकवत. "उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे. गाडी थांबली की मगच पाऊल. आणि पळायचं नाही!"

मग मला उंच धरून त्या रस्त्यात उभ्या राहत. भलेमोठे ट्रक माझ्यापुढे मुकाट थांबत. माझी छाती फुगे. पत्र्याची असली म्हणून काय झाले!

एका सकाळी एक गाडीवाला भोंगा वाजवत आला.

"ओ बाई, व्हा बाजूला! उशीर होतोय मला."

"आधी मुलं जातील, मग तुम्ही."

त्याने गाडी पुढे रेटली. मावशींनी मला आडवे धरले. धडक बसली, माझी कड चेपली, मावशी मनगटावर पडल्या. सुताराची मुलगी रांगेत पुढे होती. तिने दोन्ही हात पसरून मुलांना कडेलाच अडवले. "गाडी थांबली नाहीये! कुणी रस्त्यावर उतरू नका!" एकही मूल रस्त्यावर आले नाही.

तरी मुख्याध्यापकांनी मला अडगळीत टाकले. "गाडीवाल्यांशी उगाच भांडणं नकोत," म्हणाले. मोडक्या बाकांखाली मी धूळ खात, रागाने धुमसत पडलो.

हाताचे बँडेज सुटायच्या आतच मावशींनी मला बाहेर ओढले.

"पुन्हा कुणी धडक दिली तर?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"म्हणूनच एकटी जाणार नाही, सर. तुम्हीपण चला."

सर घुटमळले. मग चष्मा सावरत मावशींच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता दोघे मला आळीपाळीने धरतात.

मित्रांनो, तुम्ही कडेला थांबा, नीट बघा, मगच निघा. आणि गाडीवाल्यांनो, घाई असेल तर घरातून लवकर निघा. मी बाजूला होणार नाही.