पंचवीस हजारांची स्वयंपाकीण

"माझे चार हजार सहाशे पंच्याऐंशी सोम कुठे गेले, सायरा?"

अनारखान एजे, म्हणजे अनारखानताई, दार न वाजवताच आत आल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठात, डोक्याला रुमाल, आणि मुठीत मी सकाळीच वाटलेली पगाराची चिठ्ठी. दर पाच तारखेला माझ्या टेबलासमोर कुणाचा ना कुणाचा हा तमाशा ठरलेला. एकवीस वर्षं मी या शाळेचे हिशेब लिहिते आहे आणि एकवीस वर्षं लोकांना वाटतं, की कापलेले पैसे मी घरी नेते. माझ्या घराचं गळकं छप्पर एकदा येऊन बघा म्हणावं.

"कुठे जाणार, एजे? बसा. एकूण पगार पंचवीस हजार. त्यातून पेन्शनच्या फंडाला अडीच हजार, कर दोन हजार एकशे पंच्याऐंशी. उरले वीस हजार तीनशे पंधरा. तेवढे तुमच्या कार्डावर आले."

"वजाबाकी मला येते. बावीस वर्षं बाजारात मांस भरलेले सामसे विकलेत मी. मला एवढंच सांग, अगाय पंचवीस म्हणाले होते की वीस?"

अगाय म्हणजे आमचे हेडमास्तर, कुबात अगाय.

"पंचवीस."

"नान मोडून म्हणाले होते ना?"

"हो."

आमच्याकडे चहाला बसून, नान मोडून सांगितलेला आकडा म्हणजे हातात ठेवलेला आकडा. बाजारात तर दुसरा आकडा नसतोच. गिऱ्हाइकाने साठ दिले की साठ गल्ल्यात. एजेंनी त्या पंचवीस हजारांवर विसंबून बाजारातला गाळा नणंदेला दिला आणि सप्टेंबरात आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. ही त्यांच्या आयुष्यातली पहिली पगाराची नोकरी, आणि वय त्रेपन्न.

माझा आवाज चढला होता. तो उतरवून म्हटलं, "तुमच्याच चुलीवरचं सांगते. भिंतीवर तक्ता लावलाय ना? एका रकान्यात सालीसकट गाजराचं वजन, दुसऱ्यात सोललेल्याचं. मागे पोरांच्या आया वजनकाटा घेऊन आल्या होत्या. कागदावर मांस सहा किलो, आणि ताटात चारसुद्धा भरेना. चोर म्हणाल्या तुम्हाला. तेव्हा तोच तक्ता त्यांच्या नाकासमोर धरलात, की मांस शिजलं की आटतं. पगाराचंही तसंच आहे."

मला वाटलं, सुटले.

"गाजराची सालं माझी बकरी खाते," त्या सावकाश म्हणाल्या. "मांसाचं पाणी सुपात उतरतं, ते पोरं पितात. माझ्या पगाराची सालं कोण खातं?"

"तुम्हीच खाणार, म्हातारपणी. बघा इकडे."

मी कॉम्प्युटरवर फंडाचं त्यांचं पान उघडलं. तिथे एकच ओळ होती. नोकरी : एक महिना.

एजे वाकून बघत राहिल्या. "आणि बावीस वर्षं?"

"त्यांचं कुणी काही भरलं नाही ना, एजे."

"उणे पंचवीस अंशांत उभी राहायचे मी, पहाटे पाचपासून. हे बघ." त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तिचं टोक थंडीने कधीच खाल्लेलं होतं. "हे कुठे लिहिलंय?"

अठ्ठावन्नला निवृत्ती. हातात पाच वर्षं. पाच वर्षांच्या भरण्यावर पेन्शन ती कितीशी बसणार? त्यांनी विचारलं नाही, पण तेवढा हिशेब त्यांना येत होता.

तेवढ्यात एजेंचा फोन वाजला. नणंद, बक्तीगुल. बाजारातल्या माणसांचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू येतो. "वहिनी, गाळा परत हवा असेल तर आज संध्याकाळपर्यंत बोल. उद्या मी वर्षाचं भाडं भरतेय. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत!"

एजेंनी फोन ठेवला. "पीठ, मांस, भाडं सगळं जाऊन मला गाळ्यात बावीस-तेवीस सुटायचे. म्हणजे मी कमी पैशांसाठी बाजार सोडला, सायरा. बाजारात चाळीस वर्षं काढलेली म्हातारी खोडंसुद्धा हसतील मला. चल अगायकडे."

कुबात अगाय पेपर वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी हात वर केले. "मी खोटं कुठे बोललो? कागदावर पंचवीसच आहे. सगळीकडे असंच सांगतात. विचार की सायराला."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

"कागदावर पंचवीसच आहे," मी म्हटलं. या वाक्याची मला आजही शिसारी येते.

बाहेर व्हरांड्यात एजे थांबल्या. चिठ्ठीची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तू तिथेच होतीस ना? चहा ओतत होतीस."

होते. अगाय पंचवीस म्हणाले तेव्हा हातातला आकडा माझ्या जिभेवर आला होता. पण वर्षभरात दोन स्वयंपाकिणी सोडून गेल्या होत्या आणि स्वयंपाकघराला कुलूप होतं. वीस म्हटलं तर ही बाई उठून जाणार, हे मला कळत होतं. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले आणि तिची चहाची वाटी भरली. एकवीस वर्षं लोकांनी माझ्यावर नको ते आळ घेतले. खरा आळ घ्यायला ही पहिलीच आली, आणि तिने तर आवाजसुद्धा चढवला नाही.

"चुकले मी, एजे."

"असू दे. पुढची येईल ना, तिला हातातला आकडा सांग."

त्यांनी त्या दिवसाचा स्वयंपाक अर्धवट टाकला नाही. नूडल्सचं सूप केलं, एकशेचाळीस पोरांना वाढलं, पातेली घासून पालथी घातली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, फंडातला तो एक महिना तुमच्या नावावर राहील. त्या म्हणाल्या, "राहू दे. एकटाच राहील बिचारा." संध्याकाळच्या आत नणंदेला फोन करायचा होता, म्हणून चहाला थांबल्या नाहीत.

नऊ दिवसांनी जिबेक नावाची तिशीतली एक बाई आली. दोन पोरांची आई, वरच्या गावातून मिनीबसने आलेली. अगायनी नान मोडली, तुकडा तिच्यासमोर ठेवला. मी चहा ओतत होते.

"पगार पंचवीस हजार," अगाय म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. "हातात वीस हजार तीनशे पंधरा येतात. बाकीचे फंडात आणि करात कापतात."

अगायचा चेहरा लालबुंद झाला. जिबेकने तोंडातला घास संपवला. "नक्की, एजे?"

"नक्की. मीच काढते पगार."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग मिनीबसचं रोजचं भाडं किती पडतं ते स्वतःशीच पुटपुटली आणि उठली. "बरं झालं सांगितलंत. घरी तर मी पंचवीस धरून सगळं ठरवून आले होते." तिने नानच्या तुकड्याला हात लावून आभार मानले आणि गेली.

"झालं तुझं समाधान?" अगाय ओरडले. "आता तू शिजवणार आहेस का?"

बाहेर दुपारची घंटा झाली आणि वर्गावर्गांतून पोरं दप्तरातली नान काढून कोरडीच खायला लागली.