दगडाआधी मला ऐका

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो, पण खिळे ठोकणारा नव्हे. माझी एक बाजू चौकोनी आणि दुसरी छिन्नीसारखी धारदार. लोहाराने मला लालबुंद तापवून घडवलं, लाकडी दांडा बसवला, तेव्हाच मला कळलं की आपला जन्म दगडांसाठी आहे.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं. दर हिवाळ्यात त्या आपला गट घेऊन स्फटिक शोधायला जात. गटाचा नियम पक्का होता. आधी दगडावर हलकेच टकटक करायची आणि कान द्यायचा. आवाज पोकळ आला, की आत स्फटिक असण्याची आशा. बाईंच्या हातात असताना मी एकही स्फटिक मोडला नाही. ही फुशारकी नव्हे. बरं, थोडी आहे.

पुढे बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी सहा वर्षं माळ्यावर पडून राहिलो. दांडा सुकून आकसला. फार वाईट वाटायचं.

यंदा बाईंच्या नोकरी करणाऱ्या भाचीने मला खाली काढलं. गटाची आवडती खाण लवकरच बुजवणार होते, म्हणून शेवटची सहल निघाली. बाईही आल्या आणि घडीच्या स्टुलावर बसल्या. "ही फक्त डबा खायला येते," असं म्हणून गटातले सगळे भाचीला प्रत्येक सहलीत चिडवत. आज तरी तिला स्वतःचा स्फटिक हवा होता.

तिने एका दगडावर टकटक केली. पोकळ आवाज आला.

"सापडला!" ती ओरडली. सगळे तिच्याभोवती डोकी खुपसून वाकले. तिने मला उगारलं आणि माझा जीव कासावीस झाला. मित्रांनो, पोकळ आवाज माझाच होता! माझं डोकं दांड्यावर डुगडुगत होतं. घाव बसला असता, तर ते निसटून कुणाच्या तरी कपाळात गेलं असतं.

"थांब गं!" बाई कडाडल्या. "दगड नाही, हातोडा वाजतोय!"

त्यांनी मला हातात घेऊन हलवलं. माझं डोकं अलगद त्यांच्या तळहातावर आलं. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, मी बघितलंच नाही गं."

"मी तरी सहा वर्षं कुठे बघितलं?" बाई म्हणाल्या.

त्यांनी लाकडाची पाचर तासून दांड्यात घट्ट ठोकली. भाचीने पुन्हा टकटक केली. दगड चांगला भरीव निघाला आणि सगळे खो खो हसले. ती मात्र हसली नाही. दुपारभर एकेक दगड ऐकत फिरली. उन्हं कलताना एक दगड खरोखर पोकळ वाजला. तिने आधी सगळ्यांना चार पावलं मागे सरकवलं, मग घाव घातला. दगड उकलला. आत पांढरेशुभ्र स्फटिक, एकही टोक न मोडलेले. चिडवणारेच ते बघायला पुढे धावले आणि मला अभिमान वाटला.

मित्रांनो, स्फटिक दगडात लाखो वर्षं तसेच राहतात. आम्हा हत्यारांना ते जमत नाही. आम्हाला पुसा, तेलाचा हात द्या आणि उगारण्याआधी एकदा हलवून बघा. आमच्या वाटेत कुणाचं तरी कपाळ असतं.